औषधचिठ्ठीवरील दोन अक्षरे

येथे जमलेल्या शिक्षकांच्या व पंचायत सदस्यांच्या हाती गावातील औषधचिठ्ठ्या वाचून दाखवण्यासाठी नेहमीच येतात. त्यांवरील 'ओडी' ही अक्षरे निरुपद्रवी दिसतात. नेत्रवैद्यकात लॅटिनप्रमाणे त्यांचा अर्थ उजवा डोळा. इतर चिठ्ठ्यांत मात्र 'दिवसातून एकदा'. 'ओएस' म्हणजे डावा डोळा, 'ओयू' म्हणजे दोन्ही. कानासाठी 'एडी', 'एएस', 'एयू' ही अक्षरे आहेत. घाईत लिहिलेला 'ए' 'ओ'सारखा वाचला गेला, तर कानाचे थेंब डोळ्यात पडतात, आणि कानाच्या कित्येक औषधांनी डोळ्याला गंभीर इजा होते. 'उजवा कान' असे पूर्ण लिहिण्यास कितीशी शाई लागते?

लसींचा प्रकार निराळा. 'बीसीजी'मध्ये काल्मेट व गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांची नावे दडली आहेत. ही क्षयप्रतिबंधक लस १९२१ मध्ये माणसाला प्रथम देण्यात आली. 'डीपीटी' म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लस. आता दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या बाळाला पाच रोगांवरील पेंटाव्हॅलंट देतात. तीत हे तिन्ही रोग येतात. त्रिगुणी लस पुढे बूस्टर म्हणून दिली जाते. कार्डावर 'डीपीटी' न दिसल्याने धास्तावलेल्या मातेला एवढे समजावून सांगण्यास डॉक्टरच हवा असे नाही.