पूरपट्ट्यासाठी जुनी गाडी
परभणी जिल्ह्यात जायकवाडी, येलदरी किंवा निम्न दुधना धरणातून विसर्ग वाढला, की गोदावरी, पूर्णा आणि दुधनेकाठचे बुटके पूल पाण्याखाली जातात. पाणी ओसरल्यावर उरतो काळ्या मातीचा चिकट चिखल. म्हणून जुनी गाडी निवडताना चकचकीत रंगापेक्षा जमिनीपासूनची उंची महत्त्वाची. ती १८० मिलिमीटरच्या आसपास असलेली बरी. इंजिनात हवा ओढणारी नळी जितकी वर, तितके चांगले.

खरा धोका असतो तो आधीच पुरात बुडालेल्या गाडीचा. धुलाई आणि अत्तराने ती सहज लपते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ पाहावी. पायाखालचे मॅटिंग उचलावे, सीटखालच्या पट्ट्यांवर गंज शोधावा. इंजिन ऑइल दुधाळ दिसले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. परभणीच्या एमएच-२२ ऐवजी बाहेरचा क्रमांक असला म्हणजे गाडी कोरडी राहिली, असे नव्हे. विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागून घ्यावा. आरसीवरील चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा.

चिखलासाठी टायरची नक्षी खोल हवी. तरीही वाहत्या पाण्यात उंच गाडीसुद्धा तरंगून वाहून जाते. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.