मागच्या गाडीतली माणसे



व्यासपीठावर उभा राहणारा मनुष्य बहुधा आपल्या पराक्रमाविषयी बोलतो. आज आम्ही दुसऱ्याच्या पराक्रमाविषयी, आणि त्यात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी बोलणार आहोत.

१९८२ साली अमेरिकेत चार सायकलस्वार सांता मोनिकाच्या धक्क्यावरून निघाले आणि न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीपर्यंत शर्यत खेळले. लॉन हाल्डमन पहिला आला. हीच पुढे 'रेस अक्रॉस अमेरिका' झाली. पल्ला सुमारे ४,८०० किलोमीटर, एकट्याने जाणाऱ्याला मुदत बारा दिवसांची, आणि स्वार झोपला तरी घड्याळ चालूच! नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघातर्फे ती पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने. ही नावे आपण ऐकली असतील. पण यांच्या मागून येणाऱ्या गाडीत कोण होते, हे कोणी विचारीत नाही, आणि न विचारले तरी त्या माणसांचे काही अडत नाही.

या गाडीचे काम काय? रात्री स्वाराने तिच्याच दिव्यांच्या उजेडात चालवायचे असते. रस्ता सांगणे, पंक्चर काढणे, भरवणे, पाणी देणे हे तर आलेच. पण खरे काम निराळे आहे. वीस-बावीस तास सायकल हाणलेल्या माणसाचे पाय चालतात, विचार मात्र थकतो. भूक लागली की नाही, हेही त्याला उमगेनासे होते. त्या वेळी आपली शुद्ध त्याला उसनी द्यावयाची, हे ते काम होय.

पुण्याहून गोव्याला 'डेक्कन क्लिफहँगर' नावाची अशीच एक शर्यत होते. पल्ला सुमारे साडेसहाशे किलोमीटर. एका वर्षी आम्ही पाचजण एका स्वाराच्या गाडीत होतो. बेळगाव मागे पडले तेव्हा रात्र बरीच झाली होती. पाळी बदलली. जाणाऱ्यांना झोप अनावर, येणारे अर्धवट जागे. वही लिहावयाची राहिली. मिठाच्या पाण्याची बाटली त्यांनी दिली असेल असे आम्ही धरून चाललो, आणि ते आम्ही देऊ असे त्यांनी धरले. चार तास स्वार नुसते साधे पाणी पीत राहिले. घामावाटे मीठ जाते. वरून साधे पाणी भरपूर प्याले की रक्तातले सोडियम उतरते, आणि त्याचा पहिला घाला मेंदूवर पडतो. हे आम्हांला पाठ होते. पाठ असणे आणि वहीत असणे यांत अंतर आहे!

प्रथम त्यांचे डोके दुखू लागले. मग बोटे सुजली, अंगठी रुतली. मग त्यांनी आमच्यातल्या एकाला आपल्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. आम्ही गाडी आडवी घातली.

"मला अडवू नका, उजाडेपर्यंत तरी जाऊ द्या," ते म्हणाले. वर्षभर पहाटे चारला उठून ज्याने घाट चढले, त्याची ती विनवणी होती. आमच्यात दोन तट पडले. एक म्हणाला, हा निर्णय त्यांचा. दुसरा म्हणाला, भावाचे नाव चुकणाऱ्याचा निर्णय त्याचा कसा? शेवटी त्यांना गाडीत घातले आणि रुग्णालय गाठले. रक्त तपासले, सोडियम पुष्कळ उतरलेले निघाले. शर्यत तिथेच संपली.

सकाळी ते शुद्धीवर आल्यावर आम्ही त्यांना सारे सांगितले : थांबवले ते बरोबर; पण थांबवण्याची पाळी आमच्यामुळेच आली. ते बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला वही कोण लिहिणार, ते आधी ठरवा."

त्या 'पुढच्या खेपेला' या दोन शब्दांनी आमच्या डोळ्यांना पाणी आले, हे कबूल करायला आम्हांला संकोच वाटत नाही.

आपल्यापैकी थोडेच जण सायकलच्या मागे जातील. पण आजाऱ्याच्या उशाशी पाळीपाळीने जागलेले पुष्कळ असतील. तिथेही प्रेम कमी पडत नाही. 'औषध त्याने दिले असेल' हा भरवसा घात करतो. ज्याची सेवा करावयाची त्याला नाही म्हणण्याचे धैर्य हवे हे खरेच. परंतु त्याच्या आधी पेन्सिल हवी.

पुढल्या वर्षी ते मुदतीत गोव्याला पोहोचले. वही आम्ही लिहिली. तिच्यात एकही रकाना कोरा नाही.