बाजारपेठेतलं प्रार्थनास्थळ

अमेरिकेच्या गावोगावांहून आलेल्या नगररचनाकार, वास्तुविशारद व वकील मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. मी मात्र एका बंद पडलेल्या दुकानावर बोलणार आहे.

अ‍ॅरिझोनातल्या युमा शहरात, मेन स्ट्रीटवर, जे. सी. पेनीची जुनी इमारत रिकामी होती. सेंत्रो फॅमिलिआर नावाच्या ख्रिस्ती मंडळीने ती उपासनेसाठी विकत घेतली. शहराने परवानगी नाकारली. कारण ऐकायला अगदी व्यवहारी होतं. राज्याच्या कायद्यानुसार चर्चपासून ३०० फुटांच्या आत नव्या बारला परवाना मिळत नसे आणि शहराला तर या जुन्या पेठेत संध्याकाळची गजबज हवी होती. एक चर्च आलं की आख्ख्या ब्लॉकच्या करमणुकीवर पाणी. नियोजन खात्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस म्हणून सांगतो, मला ही भीती खोटी वाटत नाही. ओस पडलेली मेन स्ट्रीट पुन्हा उभी करणं किती जिकिरीचं असतं, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको.

पण मग त्याच शहराच्या झोनिंग नियमावलीतली वापरांची यादी वाचा. सभासदांच्या संस्थांना तिथे थेट मुभा होती. पुढे कंसात, धार्मिक संस्था वगळून. पोस्ट ऑफिस चालणार होतं. ब्लॉकभर पसरलेली निवासी इमारत चालणार होती. तुरुंगसुद्धा चालणार होता! आता तुरुंगामुळे संध्याकाळी कोणती रौनक येते, ते युमाच्या नगरपित्यांनाच ठाऊक. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०११ साली नेमकं इथेच बोट ठेवलं आणि शहराचा नियम समान वागणुकीच्या कसोटीवर टिकत नाही असं ठरवलं. मंडळीला मात्र त्या इमारतीत जाता आलं नाही. निकाल येईपर्यंत ती कर्जापायी हातातून गेली होती. उरला तो नुकसानभरपाईचा दावा.

ही कसोटी आली २००० सालच्या केंद्रीय कायद्यातून. त्याचं लांबलचक नाव कुणी घेत नाही, आपण सगळे 'आरलूपा' म्हणतो. टेक्सासमधल्या बर्नी गावच्या चर्चचा वाढीव बांधकामाचा वाद १९९७ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा धर्मस्वातंत्र्याचा आधीचा व्यापक कायदा राज्यांना आणि शहरांना लागू करणं काँग्रेसच्या अधिकाराबाहेरचं ठरलं. मग काँग्रेसने हात आखडता घेऊन जमिनीचा वापर आणि तुरुंगातले कैदी एवढ्यापुरता नवा कायदा केला. त्यातलं एक कलम आपल्या रोजच्या कामाचं आहे: धर्माशी संबंध नसलेल्या जमावाला जी वागणूक द्याल, तिच्याहून कमी धार्मिक जमावाला देऊ नका.

गंमत अशी, की आपल्या व्यवसायाच्या सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. ओहायोतल्या युक्लिड गावाने १९२२ साली केलेली झोनिंग नियमावली १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली आणि आपल्या धंद्याला पाया मिळाला. निकाल आपण सगळ्यांनीच परीक्षेसाठी वाचला. त्यातली वापरांची यादी किती जणांनी वाचली? तिसऱ्या वर्गात चर्च आहे, आणि त्याच वर्गात हॉटेल, शाळा, ग्रंथालय, रुग्णालय आणि खाजगी क्लबही आहेत. शिवाय रचना उतरंडीची. घरांच्या भागात दुकान चालत नसे, पण दुकानांच्या भागात वरच्या वर्गांतलं सगळं आपोआप चालायचं. म्हणजे व्यापारी भागात चर्च काढायला कुणाची विनवणी करायची गरज नव्हती. तुळशीबागेत राममंदिराभोवतीची दुकानं पाहत मोठा झालेला पुणेकर यात नवल मानणार नाही.

पुढे ही उतरंड मोडली. व्यापारी भाग फक्त व्यापारासाठी राखायची पद्धत पडली. यामागे धर्मद्वेष होता असं मी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी विक्रीकर होता. चर्च ना मालमत्ताकर देतं, ना आठवडाभर गिऱ्हाईक आणतं. कॅलिफोर्नियातल्या सायप्रस शहराने तर कॉटनवुड ख्रिश्चन सेंटरने चर्चसाठी घेतलेली सुमारे १८ एकर जमीन सक्तीने संपादन करून तिथे कॉस्टको आणायचं ठरवलं. २००२ साली संघीय न्यायालयाने ते संपादन रोखलं.

फ्लोरिडातल्या सर्फसाइडचा खटला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. गाव एवढंसं, व्यापारी पट्टा त्याहून लहान. तिथे बँकेच्या वरच्या मजल्यावर एक ज्यू मंडळी प्रार्थनेला जमत असे. नियमावलीप्रमाणे त्या पट्ट्यात खाजगी क्लब आणि लॉज चालत. चर्च आणि सिनेगॉग चालत नसत. सनातनी ज्यू शब्बाथला वाहन वापरत नाहीत, म्हाताऱ्याकोताऱ्यांना चालत यायचं म्हणजे जागा जवळच हवी. अकराव्या सर्किटने २००४ साली दोन्ही बाजूंना सरळ उत्तर दिलं. चार-दोन ब्लॉक जास्त चालावं लागणं हा धर्माचरणावरचा भारी बोजा नाही. पण क्लब चालतो आणि सिनेगॉग चालत नाही, हा भेद कायद्यात बसत नाही. क्लबातले सभासद शेजारच्या दुकानांत जितकी खरेदी करतील, तितकी प्रार्थनेला आलेली माणसंही करतील. युक्लिडमध्ये एकाच ओळीत असलेले दोन शेजारी इतक्या वर्षांनी न्यायालयाने पुन्हा एका ओळीत आणले, असं मी या निकालाकडे पाहतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. शिकागोजवळच्या हेझल क्रेस्ट गावाने रेल्वे स्टेशनजवळच्या जुन्या भागात फक्त व्यापार ठेवला. तिथून चर्चबरोबर समाजकेंद्रं, शाळा, कलादालनंही वगळली. सातव्या सर्किटच्या पूर्ण पीठाने २०१० साली गावाच्या बाजूने कौल दिला. निकाल लिहिला रिचर्ड पोस्नर यांनी. गावाने सगळ्यांना एकच माप लावलं, म्हणून ते जिंकलं. कायद्याने हे बरोबर आहे. नगररचनाकार म्हणून मला ते खुपतं. शाळा आणि कलादालन वगळून स्टेशनाजवळची पेठ जिवंत होईल, हा हिशेब मला पटत नाही.

आता थोडं आपल्याविषयी. इथले कितीतरी जण देवळाच्या समितीवर राहिले आहेत. गोदामात, ऑफिस पार्कमध्ये, विकत घेतलेल्या जुन्या चर्चमध्ये आपण देव बसवले. झोनिंग बोर्डापुढे पार्किंगचे नकाशे घेऊन उभे राहिलो. आपलं देऊळ अडलं की आपल्याला आरलूपा तोंडपाठ. शेजारी दुसऱ्या कुणाचं प्रार्थनास्थळ आलं की मात्र आपणच माइकपाशी जाऊन गाड्यांची चिंता करतो. हे मी पाहिलं आहे. न्यू जर्सीत बर्नार्ड्‌स टाउनशिपमध्ये चर्च आणि सिनेगॉगना तीन माणसांमागे एक गाडी हे प्रमाण पुरत होतं. मशिदीचा अर्ज आला तेव्हा त्या हिशेबाच्या ५० जागा अपुऱ्या वाटल्या आणि १०७ मागितल्या. सुनावण्या झाल्या ३९. न्यायालयात गाव हरलं आणि २०१७ साली ३२.५ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. पार्किंगचा आकडा काढणारे आपल्याच व्यवसायातले होते, हे विसरू नका.

दुपारच्या सत्रात प्रत्येकाने आपापल्या गावची वापरांची यादी उघडून बसावं, अशी विनंती मी संयोजकांना केली आहे. चित्रपटगृह, व्यायामशाळा, लग्नाचे हॉल, लॉज, प्रार्थनास्थळ हे सगळं एका कागदावर मांडा. समोर लिहा किती माणसं, कोणत्या वेळी, किती गाड्या. तळमजल्यावर काचेची दुकानं हवी असतील तर तसा नियम करा आणि तो बँकेला आणि दाताच्या दवाखान्यालाही लावा. दारूच्या अंतराचा अडसर असेल तर राज्याच्या विधिमंडळाकडे जा. अ‍ॅरिझोनाने २०१० साली करमणुकीच्या भागांसाठी त्या अंतरात सूट द्यायची तरतूद केलीच. ज्या ओळीसमोर फक्त प्रार्थनास्थळासाठी वेगळं परमिट दिसेल, तिथे लाल पेन्सिलने खूण करा आणि तिचं कारण लिहून काढा. वकील मित्रांनी ती कारणं तपासायला थांबावं. सत्र लांबलं तर चहा आतच मागवू.