तासाला एक ठोका

माझी उमेदीची वर्षं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपाशी गेली. तिथलं जीएनआरएच हे संप्रेरक पियुषिका ग्रंथीला हुकूम देतं आणि बीजकोश कामाला लागतात. १९७८च्या सुमारास अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट क्नोबिल यांनी माकडिणींवर प्रयोग केले. हे संप्रेरक तासाला एकदा सोडलं, तर ग्रंथीचं काम सुरळीत. सलग सोडत राहिलं, तर ठप्प! दाराची घंटा अखंड वाजली की आपण नाही का तिकडे लक्ष देणं सोडून देत? सहा-सात वर्षांच्याच वयात येऊ लागलेल्या मुलींना आज याच तत्त्वावरचं इंजेक्शन देतात. 'पण पुढे हिला मूल होईल ना?' आया दबक्या आवाजात विचारतात. होईल. औषध थांबवलं की मेंदूचे ठोके आपले आपण पुन्हा सुरू होतात.