अंगाचं दुखणं, मनाचं दुखणं
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



दिंडीला शंभर वर्षं झाली. टाळकऱ्यांच्या गुडघ्यांना किती झाली, ते कुणी मोजत नाही! आज आपण त्या गुडघ्यांचं, कंबरेचं आणि त्यांच्या पाठोपाठ खचणाऱ्या मनाचं बोलू.

आपल्या पैठणात मागावर बसणाऱ्याची मान दिवसभर खाली. एकेका पैठणीला महिने लागतात. कापूस वेचणारी बाई वाकलेलीच. ऊसतोडीला गेलेल्या जोडीला तर मुकादमाची उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. खाडा झाला की पैसे कापले. मग दुखणं अंगावर काढायचं. पण तीन-चार महिने दुखतच राहिलं, की झोप जाते, चिडचिड होते, माणसांत बसवत नाही. आणि मन खचलं की तेच दुखणं दुप्पट जाणवतं. हे सोंग नव्हे. म्हणून उपचार दोन्हींवर मिळून करावे लागतात.

नाथांनी एकनाथी भागवत इथं पैठणात सुरू केलं, काशीत १५७३ साली पुरं केलं. त्याच्या तेविसाव्या अध्यायात भिक्षुगीत आहे. सर्वस्व गमावलेला, लोकांनी छळलेला भिक्षू सुखदुःखाचं मूळ मनात शोधतो. त्यावरून काही जण दुखणाईताला सांगतात, "सगळे मनाचे खेळ, नाम घे, बरं वाटेल." आम्हाला हे पटत नाही. भिक्षू ते स्वतःच्या मनाला सांगतो, दुसऱ्याच्या दुखण्याला नाही. आणि नाथांची कथा आपण सारे जाणतो: तापल्या वाळवंटात रडणारं पोर त्यांनी आधी कडेवर घेतलं.

वारीत एकटेपण नसतं. पाय सुजला तर मुक्कामाला कुणीतरी तेल चोळतं, पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. पण वारी किती दिवसांची? परतलं की एक पोरगा वाळूजला कंपनीत, दुसरा पुण्याला, आणि म्हातारी भिंतीकडं तोंड करून. हरिपाठाला तीन दिवस जो दिसला नाही, त्याच्या घरी चौथ्या दिवशी जाऊन बसायचं, एवढं तरी दिंडीनं धरावं.

कुणी "आता जगून काय करायचं" म्हणालं, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्याचा हात थरथरत असेल तर शेजारी बसून तुम्हीच लावून द्या.

काल्यानंतर विणेकरी बुवांजवळ एक वही ठेवली आहे. आपल्या गल्लीत, वस्तीवर एकटं कोण राहतं, त्यांची नावं तिथं लिहून द्या.