परक्या शहरांतील दारे, पाट्या आणि आमचा कॅमेरा



युरोपच्या प्रवासावर बोलायला उभे राहायचे म्हणजे हल्ली जरा संकोच वाटतो. एक काळ असा होता, की विलायतेहून परतलेल्या माणसाचे चार शब्द ऐकण्यासाठी गावोगाव सभा भरत. आता आपल्यापैकी कित्येकांची मुलेबाळे तिकडेच आहेत, आणि आयफेल मनोरा पाहिलेला माणूस या मांडवात प्रत्येक रांगेत एक तरी सापडेल. तेव्हा आधीच सांगून टाकतो, की आयफेल मनोऱ्याबद्दल आम्ही आज काही बोलणार नाही. आम्ही म्हणजे आम्ही उभयता. दोघेही सेवानिवृत्त. स्थापत्यशास्त्राशी आमचा संबंध घर बांधताना ठेकेदाराशी झालेल्या वादापुरता. पण दोघांनाही छायाचित्रांचा नाद आहे, आणि त्या नादापायी तीनदा आम्ही तिकडच्या गल्ल्या तुडवल्या.

पहिल्या खेपेला आम्ही अकराशे छायाचित्रे काढून आणली. राजवाडे, चर्चे, घुमट, पूल, काही सोडले नाही. शेजाऱ्यांना बोलावून, चहा पाजून ती दाखवली. एक गृहस्थ बराच वेळ पाहून म्हणाले, "छान आहेत, पण आमच्याकडच्या कॅलेंडरवर हेच देऊळ याहून बरे आले आहे." राग आला, पण म्हणणे खोटे नव्हते. पॅरिसच्या नोत्र दामचे आमचे चित्र तर असे, की ते दोन्ही बुरूज मागच्या मागे कोसळणार असे वाटावे. उंच इमारतीपुढे उभे राहून कॅमेरा आभाळाकडे वळवला, की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. हा दोष भिंगाचा नव्हे, आपल्या मानेचा. कॅमेरा भिंतीला समांतर राहिला तरच भिंत सरळ राहते.

पुढे या दोषावर उपाय शोधता शोधता आमची एका माणसाशी ओळख झाली. हा माणूस १९२७ सालीच वारला, त्यामुळे ओळख अर्थात त्याच्या चित्रांतूनच. त्याचे नाव यूजेन आत्जे. जन्म १८५७. तरुणपणी जहाजावर गेला, मग नट झाला, आणि दोन्हीकडे जम बसला नाही तेव्हा चाळिशीच्या सुमारास लाकडी कॅमेरा आणि काचांची पेटी उचलून पॅरिसच्या जुन्या रस्त्यांवर हिंडू लागला. एकेक काच अठरा सेंटिमीटर रुंद आणि चोवीस सेंटिमीटर लांब. हे ओझे घेऊन तो पुष्कळदा भल्या पहाटे निघे. त्याच्या कॅमेऱ्यात भिंगाची पाटी वर सरकवता येई, म्हणजे कॅमेरा न झुकवता उंच घर मावे आणि रेषा सरळ राहत. मात्र पाटी फार सरकवली, की भिंगातून पडणारे प्रकाशाचे वर्तुळ काचेला अपुरे पडे. म्हणून त्याच्या कितीतरी चित्रांत वरचे दोन कोपरे कमानीसारखे काळे दिसतात. त्याने ते कापून टाकले नाहीत. कामाची वस्तू कोपऱ्यात नव्हतीच.

दारावर त्याने पाटी लावली होती, 'कलावंतांसाठी दस्तऐवज'. चित्रकार, रंगभूमीचे नेपथ्यकार, लोहारकाम करणारे, पुराणवस्तुसंग्रहालये ही त्याची गिऱ्हाइके. त्यांना काय हवे? जिन्याचा कठडा, दारावर ठोठावायची कडी, गच्चीची जाळी, दुकानावरचे चिन्ह. तो तेच काढी. रू दे ब्लाँ मांतो या गल्लीतल्या एका दारूच्या दुकानाचे त्याचे १९०० सालचे चित्र प्रसिद्ध आहे. दुकानाच्या लोखंडी जाळीसाठी ते काढलेले, पण दाराच्या काचेआडून कुणीतरी बाहेर पाहते आहे, पुसट, भुतासारखे. त्या काळी काचेवर चित्र उमटायला वेळ लागे. उभा राहील तो उमटे, चालेल तो विरून जाई.

त्याच्या आधी शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराने पॅरिस नगरपालिकेच्या सांगण्यावरूनच जुन्या गल्ल्या टिपल्या होत्या, कारण ओसमानच्या योजनेत त्या पाडून रुंद रस्ते व्हायचे होते. पाडणारानेच आधी छायाचित्र काढून ठेवायचे, हा व्यवहार आम्हांला विलक्षण वाटला. आत्जे मात्र बहुतेक काम स्वतःच्या मर्जीने करी. १९२० साली त्याने आपल्या २,६२१ काचा दहा हजार फ्रँकांना फ्रान्स सरकारला विकल्या. मरणानंतर मागे उरलेला संग्रह बेरेनिस अ‍ॅबट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी विकत घेऊन न्यूयॉर्कला नेला. आज त्याला मोठा कलावंत म्हणतात. त्याने स्वतः पाटीवर तो शब्द गिऱ्हाइकांसाठी वापरला होता.

दुसऱ्या खेपेला आम्ही हा धडा घेऊन प्रागला गेलो. तिथे राजवाड्याकडे चढत जाणारी नेरुदोवा नावाची गल्ली आहे. लोक ती चढताना वर राजवाड्याकडे पाहतात. आम्ही दारांवर पाहत चढलो, आणि पाचशे पावलांना अर्धा दिवस लागला. एका घरावर तीन सारंग्या कोरलेल्या, दुसऱ्यावर सोन्याची किल्ली, तिसऱ्यावर तांबडे कोकरू, आणखी वर दोन सूर्य. ही नुसती शोभा नव्हे. घरांना क्रमांक नव्हते तेव्हा हाच पत्ता. 'दोन सूर्यांच्या घरी' म्हटले की माणूस पोहोचे. तीन सारंग्यांच्या घरात खरोखरच व्हायोलिने घडवणारे कुटुंब राहत असे. ज्यांच्या नावाने गल्ली आहे ते चेक लेखक यान नेरुदा दोन सूर्यांच्या घरात राहत. आपल्याकडे नाही का, पिंपळाजवळचा वाडा, हौदासमोरचे घर?

मग १७७० साली मारिया तेरेसाच्या राजवटीत घरांना क्रमांक आले. सैन्यभरतीसाठी कोणत्या घरात किती पुरुष आहेत हे सरकारला मोजायचे होते. आजही प्रागच्या दारावर दोन पाट्या दिसतात, एक तांबडी, एक निळी. तांबडीवर त्या विभागातला नोंदणीचा आकडा, निळीवर रस्त्याच्या क्रमाने आलेला. परका माणूस हमखास चुकतो, आम्हीही तांबडा आकडा वाचून भलतीकडे गेलो. पण एका चित्रात तीन सारंग्या, तांबडी पाटी आणि निळी पाटी तिन्ही आल्या, तेव्हा आम्हांला अकराशे चित्रांहून जास्त मिळाल्यासारखे वाटले. कारागिराचे घर, राजाचे मोजमाप आणि टपालवाल्याची सोय, सगळे एका दाराच्या चौकटीत.

तिथेच एक फजिती झाली. दारावरची पितळी कडी खालून कशी घडवली आहे हे पाहण्यासाठी आमच्यापैकी एकाने ती उचलली, आणि ती हातून सुटून दणकन आपटली. दार उघडून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. त्यांची भाषा आम्हांला येईना, आमची त्यांना. आम्ही कॅमेरा दाखवला, कडी दाखवली, हात जोडले. ते क्षणभर थांबले, मग आपल्या बाहीने कडी पुसली आणि उन्हात येईल अशी तिरपी धरून उभे राहिले. त्या चित्रात कडीबरोबर त्यांची चार बोटे आली आहेत.

वॉर्सा आम्ही सर्वांत शेवटी पाहिले. जुन्या शहराच्या चौकात उभे राहून रंगीत घरांची चित्रे काढली, आणि मग कळले की यांतले बहुतेक सारे १९४४ नंतरचे आहे. त्या वर्षीच्या उठावानंतर जर्मनांनी शहर पद्धतशीर उद्ध्वस्त केले. पोलिश लोकांनी ते पुन्हा बांधले ते आठवणीवर नव्हे. अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराने रस्त्यांची बारीक चित्रे रंगवली होती. युद्धापूर्वी तिथल्या तंत्रविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी खिडक्या-दारांची मापे घेऊन आराखडे काढले होते, ते लपवून वाचवले गेले. गवंड्याला तेच हवे होते. भव्य दृश्य पाहून चौकट बसवता येत नाही. चौकटीची रुंदी लागते. १९८० साली या जुन्या शहराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. काही जाणकार म्हणतात, ही प्रतिकृती आहे, वारसा कसला? आमचे मत तसे नाही, पण त्या विद्यार्थ्यांना तेव्हा घरमालकांनी काय म्हटले असेल, हा विचार मात्र तिथे पुन:पुन्हा येत होता. चांगली राहती घरे, आणि ही पोरे फुटपट्टी घेऊन उंबरठे मोजताहेत!

परत आल्यावर प्रागची ती कडी आम्ही मोठी करून भिंतीवर लावली. आमच्या नातीने ती पाहून विचारले, "आपल्या जुन्या वाड्याच्या दाराला कशी कडी होती?"

आमचा वाडा १९९४ साली पाडला. कुणी जबरदस्ती केली नाही. पावसाळ्यात कडीपाट गळे, भाऊबंदांचे पटेना, सगळ्यांनी सह्या केल्या, आम्हीही केल्या. त्या दारातून आम्ही एकाने चाळीस आणि दुसऱ्याने तेवीस वर्षे ये-जा केली. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर कडी काढून पाहिली. एकीत वाघाचे तोंड निघाले, दुसरीत कमळ. दोघेही आपल्या चित्राबद्दल ठाम.

छायाचित्रे शोधली. मुंजी, बारशी, डोहाळजेवणे, पंगती, शेकडो चित्रे. १९७१ साली आमच्या लग्नात दिंडी दरवाजापुढे सगळ्या वऱ्हाडाला उभे करून काढलेले एक सापडले. तोरण दिसते, चौकटीवरचा गणपती दिसतो, दाराचे खिळेही मोजता येतात. कडीच्या बरोबर पुढे मामांचा फेटा आहे.