मज्जापेशी जगते कशावर?



मोडलेले हाड सांधते, जखमेवर कातडी धरते. पण मेंदूतील मज्जापेशी मेली की तिची जागा बहुधा रिकामीच राहते. ज्यांच्या घरात विस्मृतीने ग्रासलेले वडीलधारे माणूस आहे, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. ही पेशी मरते का, हे कळावयास ती जगते कशावर, हे आधी पाहिले पाहिजे.

कोंबडीच्या गर्भाच्या पंखाचा अंकुर छाटला की त्या बाजूच्या मज्जापेशी कमी भरतात, असे व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी १९३४ साली दाखविले. पेशी घडतच नसाव्यात, असा त्यांचा तर्क. १९३८ साली इटलीत वंशभेदाचे कायदे झाले आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या ज्यू डॉक्टरीणबाईंना विद्यापीठ बंद झाले. त्यांनी तुरीनला आपल्या निजण्याच्या खोलीत अंडी घेऊन हाच प्रयोग केला. त्यांना दिसले ते असे, की पेशी घडतात, तंतू पसरतात आणि मग मरतात!

पुढे अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांच्यासह त्यांनी या पेशींचे पोषक प्रथिन शोधले. ते उंदराच्या लालापिंडातही विपुल सापडले. त्यावरील प्रतिद्रव्य नवजात उंदरांना टोचले, तेव्हा त्यांच्या अनुकंपी मज्जासंस्थेतील बहुतेक पेशी नाहीशा झाल्या. या शोधाबद्दल दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तंतूचे टोक हे प्रथिन धरते आणि त्याचा निरोप तंतूतून पेशीच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. निरोप आला नाही, तर पेशीतीलच विकरे तिचे तुकडे करतात. गर्भात हे मरण उपकारकच असते. पेशी गरजेहून अधिक घडतात व ज्यांची जोडणी जमते त्या उरतात. घात होतो तो उतारवयात, असले निरोप क्षीण झाले म्हणजे.

मग हे प्रथिन टोचून स्मृती का परतत नाही? रक्तातून ते मेंदूत फारसे शिरत नाही. मेंदूत थेट सोडून पाहिले, तेव्हा रुग्णांना तीव्र वेदना झाल्या. तेव्हा स्मृती परत आणण्याची हमी देऊन कोणी बाटली विकू लागला, तर पैसे गाठीशी ठेवा आणि घरातल्या त्या माणसाजवळ घटकाभर बसा. औषध सापडेल तेव्हा सापडेल. सोबत आजच देता येते.